ॲल्युमिनियमचा बाण की कार्बनचा : एका निवडीची पार्श्वभूमी

ॲल्युमिनियमचे बाण घ्यावेत की कार्बनचे, या प्रश्नाची चर्चा बहुधा वजन, वेग आणि किंमत यांभोवती फिरते. मात्र ही दोन्ही द्रव्ये तिरंदाजीत वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या अडचणींवर उपाय म्हणून आली. त्या अडचणी समजून घेतल्या, तर निवड पुष्कळ सोपी होते.

हजारो वर्षे बाण लाकूड, वेत किंवा बांबूचाच असे. आल्प्सच्या हिमनदीत १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ या गोठून टिकलेल्या मानवी देहाजवळ लाकडी बाणच होते, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतले तिरंदाजही पोर्ट ऑरफर्ड सीडरच्या दांड्या आवडीने वापरत. लाकूड हलके आणि लवचीक असते. परंतु एकाच झाडाच्या दोन दांड्याही वजनाने आणि ताठपणाने तंतोतंत सारख्या निघत नाहीत, शिवाय दमट हवेत त्या वाकतात. बोटांनी दोरी सोडताच बाण आधी वाकतो, धनुष्याच्या मुठीला वळसा घालतो आणि मग सरळ होत पुढे जातो. त्यामुळे दांडीचा ताठपणा, म्हणजे तिरंदाज ज्याला ‘स्पाइन’ म्हणतात तो, बाणागणिक बदलला, तर नेम अचूक असूनही बाण एकाच जागी लागत नाहीत. लाकडी बाण करणाऱ्यांचा बराच वेळ जुळत्या दांड्या निवडण्यातच जाई.

ही अडचण डग ईस्टन यांना चांगली ठाऊक होती. कॅलिफोर्नियात १९२२ पासून ते लाकडी धनुष्यबाण बनवत होते. १९३९ मध्ये त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळीपासून दांडी तयार केली आणि १९४१ मध्ये लॅरी ह्यूज यांनी त्याच बाणांनी अमेरिकेचे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. महायुद्धाच्या काळात हे धातुकाम थांबले. युद्ध संपल्यावर मात्र मिश्रधातूंच्या सुधारलेल्या दांड्या झपाट्याने पसरल्या. माझ्या मते ॲल्युमिनियमची खरी देणगी वेग नव्हे, एकसारखेपणा ही आहे. दांडीवर छापलेला क्रमांकच पाहा : ‘२३१५’ म्हणजे बाहेरचा व्यास २३/६४ इंच आणि भिंतीची जाडी १५/१००० इंच. ज्या क्रमांकाची दांडी धनुष्याला जुळली, त्याच क्रमांकाची दांडी पुढच्या वर्षी घेतली तरी ती तशीच वागेल, ही खात्री लाकडाने कधीच दिली नव्हती. १९७२ मध्ये म्युनिक येथे तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये परतली, तो काळ ॲल्युमिनियमचा होता.

या धातूची एक खोड मात्र गेली नाही. दगडावर किंवा दुसऱ्या बाणावर आदळलेली दांडी किंचित वाकते आणि वाकलेलीच राहते. ती यंत्रावर सरळ करता येते, पण पहिल्यासारखी क्वचितच होते. त्यातच हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये कंपाउंड धनुष्याचे, म्हणजे टोकांना चाके असलेल्या आणि बाणाला जास्त जोर देणाऱ्या धनुष्याचे, पेटंट मिळाले, आणि हे धनुष्य रुळल्यावर हलक्या पण ताठ दांडीची गरज अधिकच जाणवू लागली.

१९८० च्या दशकात बाजारात आलेल्या कार्बन तंतूंच्या दांड्यांनी ती गरज भागवली, पण त्यांत उणिवाही होत्या. त्यांतले बहुतेक तंतू लांबीच्याच दिशेने असल्याने दांडी उभी चिरण्याचा धोका असे, आणि ती इतकी बारीक असे की टोक आत न बसवता बाहेरून टोपणासारखे चढवावे लागे. पुढे आडवेतिडवे थर गुंडाळण्याच्या पद्धती आल्या आणि शिकाऱ्यांचा विश्वास बसला. कार्बन एकतर सरळ राहतो किंवा तुटतो. म्हणूनच प्रत्येक वेळी बाण लावण्यापूर्वी तो दोन्ही हातांनी हलकेच वाकवून आणि पिळून पाहावा, कडकड आवाज आला किंवा चीर दिसली तर तो बाजूला ठेवावा, ही सूचना गांभीर्याने पाळायला हवी; सुटताना फुटलेल्या दांडीचे तंतू थेट हातात घुसतात.

लक्ष्यवेधात मात्र या दोघांतून एकाचीच निवड करावी लागली नाही. ॲल्युमिनियमच्या पातळ गाभ्यावर कार्बनचे थर चढवलेल्या दांड्या याच दशकात आल्या आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या सुमारास ‘एक्स१०’ ही अतिशय बारीक दांडी आली. ७० मीटरवर वाऱ्याने बाण जितका कमी ढळेल तितके बरे, आणि बारीक पण जड बाण वाऱ्याला कमी दाद देतो. बंदिस्त जागेत १८ मीटरवर गणित उलटते. तिथे वारा नसतो आणि बाण वरच्या गुणाच्या रेषेला नुसता टेकला तरी तो गुण मिळतो, त्यामुळे जाड दांडी फायद्याची ठरते. आंतरराष्ट्रीय नियमांनी व्यासाला ९.३ मिलिमीटरची मर्यादा घातली आहे. जाड, सरळ आणि एकसारखे ॲल्युमिनियमचे बाण तिथे आजही टिकून आहेत.

शिकारीत कार्बनने आधी जिंकले ते वेगामुळे : हलका बाण सपाट मार्गाने जातो, म्हणून अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी निभावते. पण जनावराच्या शरीरात खोलवर जाण्यासाठी संवेग लागतो आणि जड बाण धनुष्यातून सुटताना आवाजही कमी करतो. त्यामुळे मोठ्या जनावरांच्या मागे जाणारे अनेक शिकारी आता कार्बनच्याच दांडीला पुढच्या बाजूने जड टोक आणि जड इन्सर्ट (टोक बसवण्यासाठी दांडीत घालायचा तुकडा) बसवून, ॲल्युमिनियमच्या बाणात आपोआप मिळणारे वजन मुद्दाम परत आणत आहेत.