पशु जैवसुरक्षा (खानदेश)

बाहेरून आणलेल्या जनावरांबरोबर रोग शिरू नये, म्हणून पाळायचे कायद्याचे व गोठ्यातले नियम. जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांना हा विषय जवळचा आहे, कारण उत्तरेला मध्य प्रदेश आणि पश्चिमेला गुजरात लागून आहे. मुंबई–आग्रा महामार्गाने पळासनेरवरून आणि सुरत रस्त्याने नवापूरवरून जनावरांच्या गाड्या ये-जा करतात. सावदा, धुळे येथे गुरांचे मोठे बाजार भरतात. नवापूरचे तर रेल्वे स्थानकच दोन राज्यांत विभागलेले आहे. रस्त्यावरचा नाका बंद केला तरी पाऊलवाटा मोकळ्याच राहतात.

कायदेशीर आधार प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ हा आहे. रोगाचा संशय आल्यास मालकाने ते कळवणे आणि आजारी जनावर वेगळे ठेवणे बंधनकारक आहे. शासनाने ‘नियंत्रित क्षेत्र’ जाहीर केले की तेथील गुरांची ये-जा, बाजार, जत्रा यांवर बंदी येते. १९७८च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार गुरे गाडीत चढवण्यापूर्वी पशुवैद्यकाचा दाखला लागतो. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात कानात बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीस व वाहतुकीस मनाई आहे.

हे नियम कागदावर का थांबू नयेत, हे खानदेशाने स्वतः भोगून पाहिले आहे. भारतातील बर्ड फ्लूची पहिली लागण १८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापूरच्या पोल्ट्रीत जाहीर झाली. आसपासच्या कोंबड्या मारून खड्ड्यांत पुराव्या लागल्या. २०२१ मध्ये रोग तिथेच परतला. पोल्ट्रीत रोग पक्ष्यांबरोबरच येतो असे नाही. बाजारातून परतलेले अंड्यांचे ट्रे, खाद्याची पोती, गाडीची चाके यांवरूनही येतो. ऑगस्ट २०२२ मध्ये रावेर तालुक्यातील चिनावल येथे लम्पी (गुरांच्या अंगावर गाठी उठवणारा साथीचा त्वचारोग) आढळला आणि सप्टेंबरात संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र ठरले.

दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात चिंता ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची असते. त्यावर लस नाही आणि तो माणसालाही होतो, त्यामुळे रक्ततपासणी हाच मार्ग उरतो.

पशुवैद्यकाच्या दाखल्याला मात्र एक मर्यादा आहे. तो त्या दिवशी दिसलेल्या जनावराचा असतो. लम्पीच्या गाठी अंगावर उठायला चार आठवडेही लागू शकतात, लाळ्या खुरकुतीची लक्षणे दिसायला दोन. म्हणून खरा नाका शेतकऱ्याच्या दारातच असतो, आणि चूक बहुधा तिथेच होते. बाजारातून गाय आली की घरची बाई तिच्या पायांवर पाणी घालते, हळदकुंकू लावते, भाकरी भरवते. मग गाय हंबरते, करमत नाही म्हणून तिला संध्याकाळीच जुन्या गुरांच्या दावणीला बांधतात. एकच गव्हाण, एकच बादली! पाणी घालावे, कुंकू लावावे. दावण तेवढी वेगळी असावी. तीन ते चार आठवडे नवे जनावर निराळ्या छपरात, वेगळ्या बादलीवर ठेवावे, गोचीड व माश्यांचा बंदोबस्त करावा, आणि घरच्या गुरांची धार काढून झाल्यावर शेवटी त्याच्याकडे जावे. एकाच खोलीचा गोठा असलेल्याला हे अवघड जाते हे खरे. अशा वेळी बांधावरच्या निंबाखालची जागाही चालते. ताप, गाठी, लाळ दिसल्यास जनावर परत बाजारात काढू नये. १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे.

साक्री, शिंदखेडा भागातील ठेलारी मेंढपाळांचे कळप खतासाठी शेतात बसवण्याची रीत जुनी आहे. कळपाला पीपीआर (शेळ्यामेंढ्यांचा साथीचा रोग) व देवीची लस टोचलेली आहे का, हे आधी विचारावे, आणि कळप शेतात असेपर्यंत घरच्या शेळ्या तिकडे चरायला सोडू नयेत.