मत्स्यशेती, गोड्या पाण्यातील (कोल्हापूर जिल्हा)

गावतळी, पाझर तलाव, शेततळी व दगडखाणींचे खड्डे यांत विकतचे बीज (माशांची लहान पिल्ले) सोडून मासे वाढवण्याचा जोडधंदा. भोई समाजाची नदीतील मासेमारी याहून वेगळी.

या पद्धतीच्या प्राचीनतेबद्दल एकमत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात (सु. ११३०) ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. माशांचे प्रकार आणि त्यांचे खाद्य त्यात दिले असल्याने काही अभ्यासक त्याला मत्स्यसंवर्धनाचा जुना पुरावा मानतात. कोल्हापूरचे शिलाहार चालुक्यांचे मांडलिक होते, म्हणून ही रीत येथवर पोचली असेल असा तर्क करता येतो. मात्र प्रकरणाचा मुख्य विषय गळाने मासे धरण्याची राजक्रीडा हा आहे. त्यावरून मत्स्यशेती सिद्ध करणे ओढाताणीचे वाटते.

पाळले जाणारे कटला, रोहू व मृगळ हे मुख्यतः उत्तरेकडील नद्यांतले मानले जातात. कटल्याची व्याप्ती काही जुन्या वर्णनांत कृष्णेपर्यंत दिली आहे. हे मासे तळ्यात वाढतात, पण पुराच्या वाहत्या पाण्यावाचून सहसा अंडी घालत नाहीत. त्यामुळे बीज दरवर्षी बाहेरून आणावे लागते. ही अडचण १० जुलै १९५७ रोजी सुटू लागली. त्या दिवशी मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी ओडिशातील अंगूल येथे पीयूषिका ग्रंथीचा (मेंदूच्या तळाशी असणाऱ्या) अर्क टोचून कार्प माशांचे (कटला, रोहू यांच्या कुळातील) प्रजनन घडवले. मादीला अर्क दोन टप्प्यांत, नराला बहुधा एकदाच देतात. अंडी दिवसाच्या आत फुटतात. पुढे जिरे (नुकती फुटलेली पिल्ले), बीज व बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) अशा अवस्था.

बीज पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीतून येते: तिसरा हिस्सा पाणी, बाकी ऑक्सिजन. पिशवी न सोडता पाव तास तळ्यात तरंगत ठेवतात. मग तोंड सोडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घेतात. बीज आपणहून बाहेर पडते. घाईने ओतल्यास तापमानाच्या फरकाने ते मरते. पुढे भाताचा कोंडा व भुईमुगाची पेंड निम्मी-निम्मी घालतात.

गावतळे सहसा ठेक्याने दिले जाते. धंदा पसरतो तो मात्र उन्हाळ्यात जाळे ओढताना काठावर उभ्या राहिलेल्या शेजाऱ्यांमुळे. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात गाळ नसतो, म्हणून तळाशी चरणारा मृगळ तेथे मागे पडतो. गगनबावडा, शाहूवाडीकडे तळी भरून वाहतात. सांडव्याला जाळी नसेल तर बोटुकली ओढ्याला लागते.