देहविक्री आणि कायदा (कोल्हापूर)

पोलीस ठाण्यापासून खोलीपर्यंत सगळीकडे ‘पिटा’ म्हणून ओळखला जाणारा कायदा मूळचा 1956 चा. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम हे त्याचे आजचे नाव 1986 च्या दुरुस्तीनंतरचे. सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने, एकटीने, खासगी जागेत पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणे हा त्याखाली गुन्हा नाही. त्याच्या आजूबाजूचे बहुतेक सगळे मात्र गुन्हा आहे, आणि धंद्यातल्या बाईची कमाई व सुरक्षितता या आजूबाजूवरच अवलंबून असते.

सुरुवात खोलीपासून होते. दुसऱ्याच्या फायद्यासाठी, किंवा दोन वा अधिक बायकांच्या परस्पर फायद्यासाठी धंद्याला वापरलेली जागा म्हणजे कुंटणखाना, अशी कायद्याची व्याख्या आहे. दोघींनी भाडे वाटून घेतले तरी खोली या व्याख्येत बसू शकते. एकटीने राहावे, तर गिऱ्हाईक अंगावर आले की हाक ऐकायला भिंतीपलीकडे कोणी नाही. जागा देणारा मालकही कलम 3 खाली येतो; ही जोखीम तो भाड्यात आणि डिपॉझिटमध्ये वसूल करतो. कलम 4 नुसार बाईच्या कमाईवर जाणूनबुजून जगणाऱ्या 18 वर्षांवरील व्यक्तीला 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रोख दलालावर असला तरी कलमाचे शब्द म्हातारी आई आणि कॉलेजात जाणारा मुलगा यांनाही सोडत नाहीत.

कलम 7 प्रार्थनास्थळ, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून 200 मीटरच्या आत धंद्याला मनाई करते. कोल्हापूरच्या जुन्या पेठांत हे अंतर मोजायला गेले तर एका देवळाचे वर्तुळ संपण्याआधी दुसऱ्या शाळेचे सुरू होते. (तालमींचा उल्लेख कलमात नाही, हे नशीब.) त्यामुळे शहराच्या गाभ्यात कायद्याला चालेल अशी जागा उरतच नाही. सांगलीचे गोकुळनगर किंवा पुण्याची बुधवार पेठ यांसारख्या वस्तीत निदान शेजार असतो, ओळखीचा रिक्षावाला असतो, संघटना असते. कोल्हापुरातल्या कारवायांच्या बातम्या मात्र बहुतेक लॉज, भाड्याचे फ्लॅट आणि महामार्गालगतच्या हॉटेलांच्या. अशा विखुरलेल्या ठिकाणी बाई पोलिसांपासून लपते, तशी मदतीपासूनही लपते.

रस्त्यावर उभे राहून गिऱ्हाईक शोधणे कलम 8 खाली येते. बाईला पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. तोच गुन्हा पुरुषाने केला तर 7 दिवस ते 3 महिने. हा फरक कशासाठी, याचे पटेल असे कारण आजवर कोणी दिलेले नाही. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाची कलमे 110/117, म्हणजे सार्वजनिक जागी असभ्य वर्तन, हाताशी असतातच. दंडाची रक्कम किरकोळ असते, पण त्या रात्रीचा धंदा बुडतो.

धाड पडली की बातमीत ‘बनावट ग्राहक’ पाठवल्याचे आणि ‘पीडित महिलांची सुटका’ झाल्याचे छापून येते. सुटकेनंतर कलम 17 नुसार चौकशी होते आणि दंडाधिकारी बाईला 1 ते 3 वर्षे संरक्षणगृहात ठेवू शकतात. जबरदस्तीने आणलेल्या किंवा अल्पवयीन मुलीला ही सुटका खरोखरची असते. मर्जीने धंदा करणाऱ्या सज्ञान बाईच्या बाबतीत मात्र मुलांची फी थकते, खोली जाते आणि सावकाराचे व्याज वाढतच राहते. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा तीन सज्ञान तरुणींना सोडताना स्पष्ट केले, की देहविक्री हा स्वतःहून गुन्हा नाही आणि मर्जीविरुद्ध त्यांना डांबता येणार नाही. उच्च न्यायालयात दाद मागायला कोल्हापूरकरांना तेव्हा मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून सहा जिल्ह्यांसाठीच्या सर्किट बेंचचे (उच्च न्यायालयाच्या फिरत्या खंडपीठाचे) कामकाज कोल्हापुरातच चालते.

धंद्यातल्या बायकांच्या हक्कांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 ला दिलेल्या आदेशाचा बराच गवगवा झाला. धाडीत बायकांना अटक करू नये ही न्यायालयाने नेमलेल्या समितीची शिफारस केंद्राच्या आक्षेपामुळे तातडीने पाळायच्या यादीत आली नाही, हे बातम्यांत सहसा निसटले. जे बंधनकारक झाले तेही कमी नाही : अत्याचार झालेल्या बाईला लगेच वैद्यकीय मदत, वृत्तपत्रांत नाव-फोटो न देणे, निरोध हा पुरावा न मानणे. शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व एड्स प्रतिबंधाचे काम करणाऱ्यांना जास्त कळते. सरकारचा एक विभाग निरोध वाटतो आणि दुसरा तोच पंचनाम्यात लिहितो, अशा वेळी बाई तो पर्समध्ये ठेवायला घाबरते.

या भागात प्रश्नाला देवदासी प्रथेचाही पदर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1920 मध्ये संस्थानात मुली देवाला सोडण्यावर बंदी आणली. पुढे मुंबई प्रांताचा 1934 चा, कर्नाटकाचा 1982 चा आणि महाराष्ट्राचा 2005 चा कायदा आला. ज्या देवीला मुली सोडल्या जात, त्या कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारी वाट याच जिल्ह्यातून जाते. मूल सोडणे थांबवणे हा या कायद्यांचा मुख्य हेतू. सोडलेली बाई पुढे धंद्यात आली, की तिची गाठ पुन्हा पिटाशीच. (सगळ्या जोगतिणी, म्हणजे यल्लम्माला सोडलेल्या बायका, धंदा करतात, हा समज चुकीचा आहे.)

कोरोनाच्या टाळेबंदीत धंदा ठप्प झाला, तेव्हा रेशन कार्ड आणि पत्त्याचा पुरावा नसणे किती महाग पडते ते दिसले. सप्टेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा देण्यास सांगितले. राज्याने ऑक्टोबर ते डिसेंबर दरमहा 5,000 रुपये आणि शाळकरी मुले असलेल्यांना आणखी 2,500 रुपये जाहीर केले. 2022 च्या आदेशाने पत्त्याच्या पुराव्याशिवाय, एड्स नियंत्रण यंत्रणेच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड देण्याची सोय केली. बाईचा धंदा कळेल असा कोणताही संकेत आधारच्या नोंदणी क्रमांकात घालू नये, असेही त्यात बजावले आहे.