सशामागे धावणारं व्हिपेट: नुसत्या वेगाचा गैरसमज

‘शर्यत जिंकणाऱ्या जोडीचं पिल्लू घ्या, ससे आपोआप मिळतील’ हा सल्ला इंग्लंडमध्ये व्हिपेट (ग्रेहाउंडसारखं सडपातळ, पण छोटं वेगवान कुत्रं) घेणाऱ्याला हमखास मिळतो. तो अर्धवट आहे.

उत्तर इंग्लंडच्या खाणकामगारांनी व्हिपेट पळवली ती साधारण 200 यार्डांच्या सरळ पट्टीवर, टोकाला मालक चिंधी फडकावतोय अशी. तिथला ससा मात्र बिळात राहतो. (आपला रानससा बीळ करत नाही आणि त्याची शिकार आपल्याकडे गुन्हा आहे, तेव्हा ही तुलना इथेच सोडा.) संध्याकाळी इंग्लंडचा हा ससा कुंपणाच्या कडेला, बिळापासून थोड्याच अंतरावर चरतो. एका सशाने इशारा म्हणून मागचा पाय जमिनीवर आपटला की सगळे पसार! कुत्र्याच्या हाती उरतात मोजके सेकंद. ताशी 55 किलोमीटरचा वेग गाठेपर्यंत शेपटीचा पांढरा गोंडा बिळात गेलेला असतो. इथे कामाला येते ती पहिली झेप आणि काटकोनात वळण्याची ताकद.

म्हणून पिल्लाआधी आईबाप कामावर बघा. फेरेट (सशाला बाहेर हुसकावणारा, मुंगसासारखा लांबट पाळीव प्राणी) बिळात सोडल्यावर बिळाच्या तोंडावरच्या जाळीपाशी गप्प उभं राहणारं, फेरेटला तोंड न लावणारं, हाकेसरशी परतणारं कुत्रं लाखमोलाचं. भुंकणारं नकोच. पंजे घट्ट, बोटं कमानदार हवीत. कातडी पातळच असते, काटेरी तारेला अडकली की टाके ठरलेले.

आणि हो, इंग्लंड-वेल्समध्ये 2004च्या कायद्याने कुत्र्यांकरवी शिकारीवर बंदी आली, तरी बिळात राहणाऱ्या या सशांच्या शिकारीला सूट आहे. जमीनमालकाची परवानगी मात्र हवी.