हॉर्सपॉवर म्हणजे शेवटी हवा: टर्बोच्या मागची गोष्ट

गाडीची पॉवर वाढवायची म्हटलं की लोक आधी सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलायला धावतात, साध्या इंजिनात त्याने आवाज दणकून वाढतो, पॉवर जेमतेम. कारण 1 ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते, पेट्रोल काय हवं तेवढं सोडता येतं पण हवा पिस्टन ओढेल तेवढीच येणार ना. मग एकतर इंजिन मोठं करा, जास्त आरपीएमला पळवा, नाहीतर हवा दाबून भरा.

दाबून भरायची आयडिया जुनीच आहे. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने 1905 मध्ये पेटंट घेतलं, की एक्झॉस्टमधून इतकी ऊर्जा फुकट जाते तर तिच्यावरच टर्बाइन फिरवू आणि त्याच दांड्यावरच्या पंख्याने हवा आत ढकलू, हाच टर्बो. पुढे 1918 मध्ये अमेरिकेत सॅनफोर्ड मॉसने लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन थेट पाइक्स पीक डोंगरावर नेलं, 14,000 फुटांवर. खाली 350 हॉर्सपॉवर देणारं इंजिन तिथल्या विरळ हवेत 230 वर आलं, टर्बो जोडला तर 356!

कारमध्ये मात्र नॉकिंगने घोळ घातला. दाबलेली हवा गरम होते, मिश्रण स्पार्कनंतर नीट जळत जायच्या ऐवजी मध्येच भडकतं आणि पिस्टनची वाट लागते. 1962 च्या ओल्ड्समोबिल जेटफायरला साडेतीन लिटरमधून 215 हॉर्सपॉवर होती पण कॉम्प्रेशन 10.25, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण आधीच खूप दाबलेलं, म्हणून ते गार ठेवायला पाणी-मिथेनॉलची वेगळी टाकी दिलेली. मालक ती भरायलाच विसरायचे, टाकी रिकामी झाली की बूस्ट (टर्बोचा दाब) कमी, मग तक्रारी, दोन वर्षांत मॉडेल बंद. आपल्याकडे लोक कूलंट बघत नाहीत, तिथे ही टाकी कोण भरणार.

1977 मध्ये रेनोने दीड लिटरचा टर्बो एफ-वनला आणला तेव्हा तो सारखा धूर काढून बंद पडायचा, लोकांनी गाडीचं नाव पिवळी किटली ठेवलं, पण 1979 ला दिजाँची रेस रेनोच्या टर्बो गाडीनेच जिंकली. 1986 पर्यंत बीएमडब्ल्यूचं तेवढंच चार सिलिंडर इंजिन क्वालिफाइंगला 1300 हॉर्सपॉवरच्या आसपास जायचं असं मानतात. 1989 पासून टर्बोवर बंदीच आली, ती थेट 2014 मध्ये उठली.

भारतात टर्बो आधी डिझेलमुळे घराघरात पोचला. 2020 पर्यंत रांजणगावात बनणारं फियाटचं 1248 सीसी मल्टिजेट बघा, साध्या टर्बोवर 75 पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच), पात्यांचा कोन बदलणाऱ्या व्हेरिएबल टर्बोवर 90, सीसी तेवढीच. पेट्रोलला छोट्या गाडीच्या कमी टॅक्ससाठी चार मीटरच्या आत लांबी आणि 1200 सीसीची मर्यादा, त्यामुळे 2017 च्या नेक्सॉनने 1.2 टर्बोतून 110 पीएस काढले, बिनटर्बोची 1.2 इंजिनं तेव्हा 80-90 च्या घरात होती.

म्हणून रिमॅपचा, म्हणजे ईसीयूतलं (इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं) सेटिंग बदलण्याचा, खरा फरक टर्बो गाडीतच दिसतो, कारण तिथे बूस्टच वाढवता येतो. फक्त वाढलेला टॉर्क क्लचला झेपतो का ते आधी बघा, आणि वॉरंटी गेली असंच धरून चाला.