सर्टिफिकेट हवं असेल तर ऑर्डरच्या आधी सांगा
पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

‘खोके’ म्हटलं की हल्ली लोक गालात हसतात, म्हणून आधीच सांगून टाकतो: आमची खोकी पुठ्ठ्याची, आणि इथून निघताना रिकामी. साकीनाक्याच्या या गाळ्यात आम्ही तीन, पाच आणि सात प्लायचे (म्हणजे थरांचे) बॉक्स बनवतो. तुमच्यातले बहुतेक जण जुने ग्राहक आहेत, त्यामुळे जीएसएम म्हणजे चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन आणि बीएफ म्हणजे त्याच्या फाटण्याच्या ताकदीचा आकडा, याहून जास्त इथे सांगत बसत नाही. पत्रक काढायचं कारण वेगळं आहे. पूर्वी फोन यायचे ते भावासाठी. आता येतात ते कागदपत्रांसाठी, आणि नेमके माल भरून झाल्यावर.

‘दादा, कंटेनर उद्या न्हावा शेव्याला लागतोय. बायरने बॉक्सचं एफएससी मागितलंय. संध्याकाळपर्यंत मेल कराल ना?’

नाही करू शकत. का, ते एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे दर वेळी फोनवर आवाज चढवायची पाळी दोघांवरही येणार नाही.

सर्टिफिकेट कशाचं असतं

एफएससी म्हणजे कागद नीट सांभाळलेल्या जंगलातून किंवा रद्दीतून आला, याची खात्री देणारी आंतरराष्ट्रीय योजना. तिचं सर्टिफिकेट बॉक्सचं नसतं, ते आमच्या युनिटचं असतं. त्याची प्रत आम्ही कुणालाही देतो. कोड टाकला तर एफएससीच्या साइटवरही ते सापडतं. पण त्यावरून एवढंच कळतं की हे लोक असा माल बनवू शकतात. तुम्हाला दिलेला माल तसाच होता, हे त्यावरून सिद्ध होत नाही. तुमच्या बायरला लागतं ते आमचं बिल, ज्यावर त्या मालापुढे ‘एफएससी रिसायकल्ड’ किंवा ‘एफएससी मिक्स’ असा दावा आणि आमचा कोड छापलेला असतो.

ते बिलावर लिहायचं तर मिलकडून आलेल्या कागदाच्या बिलावरही तसाच दावा असावा लागतो. तो रोल आम्ही वेगळा ठेवतो, त्यावर खूण करतो, किती किलो आला, किती लागला, किती कातरण निघालं याची नोंद ठेवतो. वर्षातून एकदा ऑडिटर येऊन आवक-जावक ताडून बघतो. तुमची ऑर्डर साध्या क्राफ्टच्या (तपकिरी कागदाच्या) रोलवर निघाली असेल, तर तिच्यावर मागाहून कुणीही काही चिकटवू शकत नाही. पत्रिका लग्नाआधी बघतात, वरात दारात आल्यावर नाही.

यावर उत्तर ठरलेलं असतं: ‘मग लेटरहेडवर चार ओळी लिहून द्या, तेवढ्यावर भागेल.’ एका कपडे निर्यात करणाऱ्या ग्राहकाला आम्ही या चार ओळी नाकारल्या. त्यांना त्या दुसरीकडून मिळाल्या, आणि बॉक्सही. आमचं गिऱ्हाईक गेलं ते गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण ऑडिटमध्ये असं पत्र सापडलं तर आमचं सर्टिफिकेट जातं, आणि ज्यांनी वेळेवर सांगून माल घेतला त्यांची पुढची शिपमेंट अडकते. एकासाठी बाकीच्यांना टांगणीला लावणं आम्हाला पटत नाही.

तसंच एफएससीच्या त्या झाडाच्या चिन्हाचं. इंटरनेटवरून उतरवून तुमच्या डिझायनरने ते आर्टवर्कमध्ये टाकलं, म्हणून आम्हाला छापता येत नाही. चिन्हाखाली आमचा परवाना क्रमांक यावा लागतो आणि तो नमुना आम्हाला सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून मंजूर व्हावा लागतो. मंजुरीआधी स्टिरिओ (छपाईचा ठसा) बनवला आणि त्यात बदल आला, तर स्टिरिओ फुकट जातो. त्याचे पैसे कुणी द्यायचे यावर आमचे बरेच चहा थंड झालेत.

हे सगळं अचानक कुठून आलं

अचानक नाही. सेबीने शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा ठरावीक नमुन्यातला अहवाल सक्तीचा केला. या कंपन्या आता पुरवठादारांना फॉर्म पाठवतात, पुरवठादार तुम्हाला, आणि तुम्ही आम्हाला. आमच्या गाळ्यात संगणक एक आणि फॉर्म भरणारा माणूसही एकच, तरी बत्तीस रकान्यांचे तक्ते येतात. त्यातले निम्मे रकाने रासायनिक कारखान्यासाठी असतात. आम्ही तिथे ‘लागू नाही’ लिहितो. तुम्हीही बिनधास्त लिहा.

दुसरा रेटा युरोपचा. वेष्टनांबद्दलचा त्यांचा नवा नियम फेब्रुवारी २०२५ मध्ये अमलात आला आणि त्यातल्या तरतुदी १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू होतात. तुमच्या दृष्टीने त्यातली मोठी गोष्ट २०३० ची आहे: वाहतुकीच्या आणि ऑनलाइन विक्रीच्या बॉक्समध्ये रिकामी जागा निम्म्याहून जास्त चालणार नाही. म्हणजे ‘एकच मोठा साइज ठेवा, सगळ्यात चालतो’ ही आपली जुनी सवय तिथे महागात पडेल.

जंगलतोडीविरुद्धच्या युरोपीय कायद्याबद्दल बरेच घाबरलेले फोन येतात. त्याच्या तारखा दोनदा पुढे गेल्या आहेत. शिवाय तुमचा माल भरून जाणारा बॉक्स त्यात मोजला जात नाही. रिकामे बॉक्सच माल म्हणून विकले तर गोष्ट वेगळी. पूर्णपणे रद्दीपासून बनलेला कागदही त्यातून वगळलेला आहे. तेव्हा त्यापायी झोप उडवून घेऊ नका.

‘रिसायकल्ड बॉक्स आहे का?’

आहे. तुम्ही इतकी वर्षं नेताय तो तोच आहे. आपल्याकडचा बहुतेक तपकिरी क्राफ्ट रद्दीचाच बनतो, वापीकडच्या मिलमध्ये असो की आणखी कुठे. सोनेरी छटा मागता तीसुद्धा बहुधा रंगाची असते, ताकदीची नव्हे. ताकद धाग्यात असते, आणि दर फेरीत धागा आखूड होतो. पाच-सात फेऱ्यांनंतर त्याचा चुरा उरतो. म्हणून जड मालाला वरच्या थरात लांब धाग्याचा कागद घालावा लागतो. ‘शंभर टक्के रिसायकल्ड पण ताकद व्हर्जिनची’, म्हणजे नव्या लगद्याच्या कागदाची, असं कुणी सांगितलं, तर त्यांना बर्स्ट टेस्टचा, म्हणजे पुठ्ठा किती दाबाला फाटतो याचा, रिपोर्ट मागा. आमच्याकडे मशीन आहे, समोर करून दाखवतो.

रद्दीचं राजकारण मोठं आहे. २०२१ च्या सुरुवातीपासून चीनने बाहेरचा कचरा घेणं पूर्ण बंद केलं. रद्दी नको, पण रद्दीचा लगदा चालेल, म्हणून इथून लगद्याचे रोल तिकडे जाऊ लागले आणि आमच्या क्राफ्टचा भाव चढला. तेव्हा आम्ही दर वाढवले तर काही जणांना वाटलं आम्ही संधी साधतोय. आमच्या हातात फक्त कातरण विकणं होतं.

आणि खरा पुनर्वापर बघायचा असेल तर धारावीत जा. जुनं खोकं उलगडून, छापील बाजू आत घालून, परत पिना मारून नवं करणारे लोक तिथे आहेत. लोकल मालासाठी, एका फेरीसाठी, ते खोकं उत्तम. आमचा धंदा त्यात बुडतो, तरी सांगतो.

कागद कमी कसा लागेल

सर्टिफिकेटपेक्षा मला हा विषय जास्त आवडतो, आणि यावर कुणी फोन करत नाही.

४०० × ३०० × ३०० मिमीचा तीन प्लायचा बॉक्स घ्या, तिन्ही थर १५० जीएसएम, १८ बीएफ. त्याचं वजन साधारण ४५० ग्रॅम. बर्स्टचा आपला नेहमीचा हिशोब, जीएसएम गुणिले बीएफ भागिले हजार: दोन सपाट थरांचे २.७ आणि २.७, मधल्या नालीदार थराचे निम्मे म्हणजे १.३५, एकूण चौरस सेंटिमीटरमागे ६.७५ किलो. आता तिन्ही थर १२० जीएसएम पण २२ बीएफचे घाला. २.६४, २.६४ आणि १.३२ मिळून ६.६ येतात. फरक नगण्य, पण कागद पाचव्या हिश्शाने कमी. पाच हजार बॉक्समागे साधारण साडेचारशे किलो. २२ बीएफचा कागद किलोमागे महाग असतो, पण किलो कमी लागतात आणि टेम्पोतलं वजनही उतरतं. फॉर्ममधल्या ‘वेष्टनाचं वजन किती घटवलं’ या रकान्यात लिहायला तुम्हाला खरा आकडा मिळतो.

एक ‘पण’ आहे. बर्स्ट म्हणजे फाटण्याची ताकद, थप्पी पेलण्याची नव्हे. थप्पीचा भार मुख्यतः कोपरे घेतात. पॅलेटबाहेर कोपरा लोंबला, किंवा विटांसारखे आडवे-उभे बॉक्स रचले, तर ताकदीचा बराच भाग तिथेच संपतो. त्यात मुंबईचा जुलै. नव्वद टक्के दमटपणात पुठ्ठा जवळपास अर्ध्या ताकदीवर येतो. म्हणून भिवंडीच्या गोदामात माल किती दिवस आणि किती उंच राहणार, हे कळल्याशिवाय आम्ही जीएसएम उतरवत नाही. मग तुम्ही कितीही घाई करा.

पावसाच्या भीतीने लॅमिनेशन मागू नका. प्लास्टिकची फिल्म चिकटलेला पुठ्ठा मिलच्या लगद्यात नीट विरघळत नाही, आणि ‘रिसायकल होण्याजोगा’ म्हणून तुमचा बायर तो मोजेलच असं नाही. पाण्यावर आधारित वॉर्निश घ्या, किंवा आत सुटी पिशवी घाला, जी काढून वेगळी करता येते. आमची खळ मक्याच्या स्टार्चची आहे, तिचा त्रास नाही. पिना मिलचं चुंबक ओढून घेतं.

तर ऑर्डर देताना

माल कुठल्या देशात किंवा कुठल्या मोठ्या कंपनीकडे जाणार, बायरचा फॉर्म आला असेल तर तो जसाच्या तसा, भरलेल्या बॉक्सचं वजन, थप्पीची उंची, आणि माप आतलं की बाहेरचं. एवढं पहिल्या व्हॉट्सअॅपमध्येच टाका. फॉर्मची भाषा समजली नाही तरी पाठवा, आम्ही वाचून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

सर्टिफाइड कागदाच्या ऑर्डरला किमान १,५०० बॉक्स आणि दोन आठवडे लागतात, कारण रोल वेगळा मागवावा लागतो. दरही थोडा जास्त पडतो. साध्या ऑर्डरला पूर्वीसारखेच पाच दिवस. वर्षभराचा अंदाज देणाऱ्यांसाठी आम्ही सर्टिफाइड रोल राखून ठेवतो, मग त्यांना दोन आठवडे थांबावं लागत नाही. बॉक्समागे कार्बन किती, हा आकडा आम्ही अंदाजपंचे देत नाही. वजन, मिलचं पत्रक आणि आमच्या विजेचा हिशोब देतो, त्यावरून तुमचा सल्लागार तो काढू शकेल.

तुमच्याकडचे रिकामे बॉक्स आणि कातरण आम्ही टेम्पो परतताना उचलतो आणि वजनावर पैसे देतो. टेप काढलेले असावेत. ओले घेत नाही.