कायदेविषयक लेखन व संदर्भपद्धती (कोकण)

कायद्याच्या लेखनात आधीचे निवाडे, टीकाग्रंथ व लेख यांचे दाखले देण्याची रीत. वकील मंडळी दाखल्याला ‘सायटेशन’ म्हणतात. वरच्या न्यायालयाने फिरवला नसेल, तर शंभर वर्षांपूर्वीचा निवाडाही आजच्या लेखात आधार म्हणून येतो. त्यामुळे इथे ग्रंथ आणि निवाड्यांचे वजन नियतकालिकांतील लेखांपेक्षा जास्त राहिले.

कोकणात कोणता ग्रंथ उद्धृत करायचा, हे पूर्वी जिल्ह्यावर ठरे. हिंदू कायद्याच्या दोन जुन्या संस्कृत ग्रंथांपैकी उत्तर कोकणात वारसाहक्काच्या वादात ‘व्यवहारमयूख’ वरचढ, तर रत्नागिरीकडे ‘मिताक्षरा’. दापोली तालुक्यातील मुरूडचे विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी 1880 मध्ये मयूखाचे इंग्रजी भाषांतर काढले. पुढे चिपळूणजवळ जन्मलेले पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास 1930 ते 1962 या काळात पाच खंडांत आला. सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांतही त्याचे दाखले सापडतात. कोकणच्या मातीतून आलेले कायद्याचे इतके टिकाऊ लेखन दुसरे नाही.

निवाड्यांची छपाई मात्र मुख्यतः उच्च न्यायालयापासून वर होते. ‘इंडियन लॉ रिपोर्ट्‌स’ 1876 पासून निघू लागले. मुंबईसाठी ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ 1899 मध्ये आला. अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसच्या न्यायालयात खोती (खोतामार्फत सारा वसूल करण्याची जुनी जमीनपद्धत), कुळवहिवाट, सामायिक आंबा-काजूच्या बागा यांवर झालेला बारीक पुराव्यानिशीचा निकाल अपिलात गेला नाही, तर अभ्यासकाच्या तळटीपेत बहुधा येतच नाही. खोती 1949 च्या कायद्याने संपली. तिच्या हक्कांवरचे वाद आणि त्यांचे दाखले चालू राहिले. हे निकाल अभ्यासकांपर्यंत न पोहोचणे ही मोठी हानी आहे, कारण जमिनीची खरी वहिवाट तिथल्या जबान्यांतच नोंदलेली असते.

दाखल्याच्या रचनेतही गाव दिसत नाही. गुहागर तालुक्यातील दाभोळ वीजप्रकल्पावरचा निवाडा ‘ए.आय.आर. 1997 मुंबई 79’ असा दिला जातो : ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ हे निवाडे छापणारे प्रकाशन, प्रकाशनाचे वर्ष, उच्च न्यायालय, पान. गुहागर शोधायचे तर निवाडा उघडूनच वाचावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये प्रकाशकाच्या नावाशिवायचे दाखले सुरू केले. त्यामुळे महागडे खंड न घेताही निवाडा नेमका उद्धृत करता येतो. तालुक्याच्या वकिलाला याचा मोठा आधार आहे.

उच्च न्यायालयात दाद कुठे मागायची, हेही आता जिल्ह्यावर ठरते : 18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी व सिंधुदुर्गाची प्रकरणे उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) जातात. रायगडची मुंबईतच चालतात.